हरिश्चंद्रगड दुसऱ्यांदा, यावेळी बोट न लावता

मागच्या वर्षी हरिश्चंद्रगडावरून आलो तेव्हा केदारेश्वराच्या गुहेचे चौदा फोटो होते आणि चौदाच्या चौदा हललेले. ट्रायपॉड होता हो, नवाकोरा! पण बटण बोटानेच दाबत होतो ना. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं झकास दिसत होतं, घरी येऊन मोठं करून बघितलं तर पिंडीला दोन-दोन कडा आणि खांबाला चिकटून त्याचा जुळा भाऊ.

म्हणून यावेळी निघायच्या आधी रिमोट शटर रिलीज घेतला, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता फोटो काढायचं बटण. साधा वायरवाला, एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला बटण, बटण दाबून पुढे सरकवलं की लॉक होतं, बस. साडेतीनशे रुपये. माझा मित्र सच्या म्हणाला एवढ्याशा बटणाला साडेतीनशे? त्यापेक्षा दोन सेकंदांचा टायमर लाव की. आता त्याचं अगदीच चूक नव्हतं, टायमरनेही बोटाचा धक्का जातो, पण लॉक करून तासभर कॅमेरा आपला आपण चालू ठेवायचं काम टायमर करत नाही, आणि मला तर ध्रुवाभोवतीचे ताऱ्यांचे गोल हवे होते, म्हणजे तासभराचे फोटो एकावर एक जोडले की तारे सरकल्याच्या गोल रेघा दिसतात ना, ते.

डिसेंबरातली अमावस्या गाठली. पुण्याहून आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ करत पाचनई. तिथून चढ दोनेक तासांचा, मधे त्या पुढे आलेल्या कड्याखालून आडवं जायचं, वाट सोपी आहे त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. वर मंदिराजवळ मामांच्या झोपडीत पाठपिशव्या टाकल्या, चहा मारला आणि सूर्यास्ताला कोकणकड्यावर.

तिथला वारा ज्यांनी खाल्लाय त्यांना सांगायला नको. खालून वर येतो, टोपी उडाली तर ती परत वरच येते म्हणतात, मी काय टाकून बघितली नाही. ट्रायपॉडचे पाय थरथरत होते. रिमोट बोटाचा धक्का वाचवतो, वाऱ्याचा नाही, हे तिथे कळलं. मग मधला दांडा पूर्ण खाली घेतला, हुकाला सॅक अडकवली, तर ती सॅकच झोका घ्यायला लागली, शेवटी ती अर्धी जमिनीला टेकेल अशी लटकवली तेव्हा कुठे जरा जमलं. आणि हो, लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन (हलणं सावरून घेणारी सोय) ट्रायपॉडवर बंद करा, नाहीतर जुन्या लेन्सा स्थिर कॅमेऱ्यातही हलणं शोधत बसतात.

रात्री पिठलं-भाकरी चेपून लेण्यांसमोरच्या उघड्या खडकावर बस्तान मांडलं. ध्रुव आपल्याकडे फार वर नसतो, गड साधारण १९ अंश अक्षांशावर आहे म्हणून ध्रुवही क्षितिजापासून तेवढाच वर, हात लांब करून दोन मुठी एकावर एक धरल्या की जवळपास सापडतो. लेन्स १८ एमएमवर, लेन्सचं छिद्र एफ ३.५, प्रकाशाची संवेदनशीलता आयएसओ १६००, एकेक फोटो ३० सेकंदांचा, फोकस मॅन्युअल, कंटिन्युअस मोड (बटण दाबलेलं असेपर्यंत एकामागून एक फोटो), रिमोट लॉक. एका तासात साधारण १२० फोटो आणि तारे सरकणार १५ अंश. पहिली वीस मिनिटं वायाच गेली कारण लाँग एक्सपोजरचं नॉईज रिडक्शन (जास्त वेळ चालणाऱ्या फोटोतले दाणे कमी करायची सोय) चालू राहिलं होतं, प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ आत काहीतरी करत बसायचा, म्हणजे गोलांच्या जागी तुटक रेघा आल्या असत्या. ते बंद केलं, परत लॉक, आणि मग मस्त आडवं पडलो. दर अर्ध्या मिनिटाला खट्. थंडी अशी की बोलताना दात वाजत होते. मधेच एक ग्रुप हेडटॉर्च मारत फ्रेममधून गेला, असो, तेवढे दोन फोटो काढून टाकले.

पण खरी परीक्षा सकाळी गुहेत. कारण बोटाने कॅमेरा हलतो तो फार तर अर्धा-एक सेकंद. ३० सेकंदांच्या फोटोत ते बरंचसं खपून जातं, १/५०० सेकंदाला तर पत्ताही लागत नाही, पण अंधाऱ्या गुहेत एक सेकंदाचा फोटो काढताना अख्खा फोटोच त्या हलण्यात निघून जातो. माझे चौदा तिथेच गेले होते! शिवाय डीएसएलआरचा आतला आरसा खाडकन वर जातो त्याचा धक्का वेगळा, म्हणून लाईव्ह व्ह्यू (दृश्य थेट मागच्या स्क्रीनवर बघायची सोय) लावला, त्यात आरसा आधीच वर असतो. कॅमेरा पाण्यात न ठेवता काठावरच्या कातळावर, मी रिमोट हातात धरून दोन पावलं मागे. चारपैकी तीन खांब तुटलेले, एकच उभा, मधे पिंड आणि भोवती बर्फासारखं पाणी. कोणीतरी प्रदक्षिणा घालत होतं, त्याच्या लाटा थांबेपर्यंत पाचेक मिनिटं थांबलो. खट्.

तिथेच झूम करून बघितलं. खांबावरच्या दगडाचा खरखरीतपणा दिसत होता. सच्याला दाखवला, तो काही बोलला नाही, म्हणजे आवडला.

परत येताना कोतूळच्या आसपास गाडीत मागून खट्, खट्, खट्. पंक्चर झालं वाटून सच्याने गाडी बाजूला घेतली. बघतो तर आवाज माझ्या सॅकमधून. कॅमेरा बंद करायचा राहिलेला, वायर तशीच लावलेली, रात्रीचं कंटिन्युअसही तसंच, आणि पाण्याच्या बाटलीने रिमोटचं बटण दाबून लॉक केलेलं. फोकस मॅन्युअलवर, त्यामुळे अंधारातही बिनबोभाट चालू. लेन्सचं झाकण लावलेले सहाशे चाळीस काळेकुट्ट फोटो, बॅटरी शेवटच्या काडीवर.

सच्याने एक एक करून पाच-सहा बघितले आणि म्हणाला, "काय बोलतोस, एकही हललेला नाही."