वखराखाली आलेली गोळी

गेल्या उन्हाळ्यात थाळनेरजवळच्या आमच्या मामांच्या शेतात वखरपाळी चालू असताना मातीतून एक पांढुरकी गोळी वर आली. आकाराने ती बोराएवढीच, पण तळहातावर घेतली की वजन जाणवते. एका बाजूने ती चपटी झाली आहे आणि नखाने खरवडल्यावर पांढऱ्या पुटाखालून शिशाची करडी चमक दिसते.

तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यावर 27 फेब्रुवारी 1818 रोजी जे घडले, ते आमच्याकडे अजून बोलले जाते. मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेश सोडला होता, तरीही किल्लेदार तुळशीराम यांनी किल्ला देण्यास नकार दिला. शरणागतीची बोलणी दरवाजातच फिसकटली, दोन इंग्रज अधिकारी मारले गेले, आणि मग सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने आतली शिबंदी कापून काढून किल्लेदारांना फाशी दिले. या फाशीवरून पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटमध्येही हिस्लॉपवर टीका झाली.

गोळी पाहून मामेभावाने मेटल डिटेक्टर मागवला. यंत्राच्या चकतीतून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, त्याने धातूत सूक्ष्म विद्युतप्रवाह उठतात आणि त्यांचा प्रतिसाद चकती टिपते. मात्र आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली, तिच्यातच लोहखनिजाचे कण असल्यामुळे यंत्र जमिनीशी नीट जुळवून घेईपर्यंत पावलापावलावर कुरकुरत होते. तीन तासांत बैलांच्या पायाच्या पत्र्या, फाळाचा तुकडा आणि गुटख्याच्या चंदेरी पुड्या निघाल्या. त्यानंतर बांधाजवळ दुसरी गोळी सापडली, तेव्हा भाऊ लगेच म्हणाला, “दादा, आता किल्ल्याच्या पायथ्याशी जाऊ.”

मी त्याला अडवले, आणि त्यामागे केवळ कायद्याचे भय नव्हते. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय उकरणे हा गुन्हा आहेच. शिवाय 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेला 10 रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. परंतु मला खरी काळजी वाटते ती जागेची. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर 1984-85 मध्ये पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टर घेतलेल्या स्वयंसेवकांची रांग चालवली, यंत्र वाजेल तिथे झेंडी रोवली आणि प्रत्येक वस्तूची जागा मोजूनच ती उचलली. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांवरील खुणा जुळवून एकेक बंदूक रणात कुठून कुठे सरकली, हे त्यांना शोधता आले. त्याच वस्तू कुणी खिशात घालून नेल्या असत्या, तर त्या लढाईबद्दल त्यांनी काहीही सांगितले नसते.

आमची गोळी 1818 ची आहे, असे मी म्हणणार नाही. अशा शिशाच्या गोळ्या शिकारीही वापरत. म्हणून आम्ही विहिरीचा काठ आणि बांधावरचा निंब या दोन ठिकाणांपासून दुसऱ्या गोळीच्या जागेचे टेपने अंतर मोजले, खोली लिहिली, फोटो काढले आणि दोन्ही गोळ्यांची माहिती देणारा अर्ज लिहायला घेतला. पहिल्या गोळीची नेमकी जागा मात्र मामांना आता आठवत नाही, आणि ते मला फार लागले आहे.

त्या पट्ट्यात यंदा ट्रॅक्टरची खोल नांगरट करायची नाही, नुसता वखर फिरवायचा, असे मामांनी स्वतःहून ठरवले आहे.