चार लिरांचं जेवण

इटलीतल्या रेज्जो गावच्या प्रॉस्पेरो बेर्तानी नावाच्या गृहस्थांनी १८७२ च्या मे महिन्यात थेट संगीतकार ज्युसेप्पे व्हेर्दीला पत्र लिहून पैसे परत मागितले. पार्म्यात व्हेर्दीचा नवा ऑपेरा लागला होता, ‘आईदा’. बेर्तानी आगगाडीने गेले, ऑपेरा पाहिला, आवडला नाही. पण जो तो वाहवा करतोय म्हटल्यावर त्यांना स्वतःचीच शंका आली, म्हणून पुन्हा गेले. पुन्हा तेच! मग हिशेब मांडला: गाडीभाडं, तिकिटं आणि स्टेशनवरचं भिकार जेवण, सगळे मिळून ३१.८० लिरा. आपल्याकडे नाटक पडलं तर माणूस फार तर मध्यंतरातला बटाटेवडा खाऊन घरी जातो. नाटककाराला बिल धाडत नाही. व्हेर्दीने मात्र प्रकाशक रिकोर्दीमार्फत खरोखर २७.८० लिरा पाठवले. जेवणाचे चार कापून घेतले, कारण गृहस्थांना घरी जेवता आलं असतं! वर, यापुढे तुमचा नवा ऑपेरा बघणार नाही, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं.

किस्सा गमतीचा आहे आणि मला व्हेर्दीचा हिशेबीपणा मनापासून आवडतो. पण बेर्तानींची खरी तक्रार वेगळीच होती. भपकेबाज देखावे नसते तर लोक शेवटपर्यंत बसलेच नसते, असं त्यांचं म्हणणं. आणि गेली दीडशे वर्षं ‘आईदा’ म्हटलं की लोकांना देखावेच तर आठवतात.

देखाव्यांचा इतिहासही मोठा नाटकी. सुएझ कालव्याच्या उद्घाटनासाठी हा ऑपेरा लिहिला, असं अजूनही बिनदिक्कत छापलं जातं. कालवा खुला झाला नोव्हेंबर १८६९ मध्ये. त्याच महिन्यात कैरोचं नवं ऑपेरागृह उघडलं, पण तिथे झाला व्हेर्दीचाच जुना ‘रिगोलेत्तो’. ‘आईदा’ आला २४ डिसेंबर १८७१ ला. इजिप्तचा खेदिव, म्हणजे तिथला राज्यकर्ता, इस्माईल याला आपल्या राजधानीसाठी अस्सल इजिप्शियन ऑपेरा हवा होता. कथा लिहिली ऑग्युस्त मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने. कपड्यांची चित्रं त्याचीच. कपडे शिवून आणि पडदे रंगवून घ्यायला तो पॅरिसला गेला, आणि प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. फॅरोचा, म्हणजे प्राचीन राजाचा, सगळा इजिप्त पॅरिसमध्ये अडकून पडला आणि कैरोवाले वाट बघत बसले. पहिल्या प्रयोगाला व्हेर्दी गेलाच नाही.

त्या प्रयोगात रंगमंचावरच्या लढाईत इजिप्तने इथिओपियाला लोळवलं आणि टाळ्या घेतल्या. चारच वर्षांनी इस्माईलचं खरं सैन्य इथिओपियावर चालून गेलं आणि गुंडेत नि गुरा इथे सपाटून मार खाऊन आलं. कर्जापायी सुएझचे शेअर ब्रिटिशांना विकावे लागले, १८७९ मध्ये गादीही गेली. पदच्युत खेदिव मुक्कामाला गेला कुठे, तर इटलीत, नेपल्सजवळ!

‘आईदा’तल्या त्या विजयाच्या संचलनाचं संगीत तुम्ही ऐकलेलं असतं, नाव माहीत नसलं तरी. युरोपातल्या फुटबॉलच्या मैदानांवर प्रेक्षक शब्दांवाचून ती चाल गातात. व्हेर्दीने त्यासाठी लांबच लांब सरळ तुताऱ्या मुद्दाम घडवून घेतल्या: तीन एका पट्टीतल्या, तीन त्याहून वरच्या. चाल तीच, पट्टी एकदम चढते आणि अंगावर काटा येतो. पुढे १९२२ मध्ये तुतानखामुनची कबर सापडली, तिच्यात खऱ्या तुताऱ्या निघाल्या. जेमतेम हात-सव्वा हात लांबीच्या. १९३९ मध्ये त्या रेडिओवरून वाजवूनही दाखवल्या. पण आजही जगाला प्राचीन इजिप्तची तुतारी म्हणून व्हेर्दीचीच ठाऊक. व्हेरोनाच्या रोमन रिंगणात १९१३ साली, व्हेर्दीच्या जन्मशताब्दीला, ‘आईदा’ उघड्यावर केला गेला आणि तेव्हापासून उंट-घोड्यांशिवाय या ऑपेऱ्याला शोभा नाही असा समजच झाला.

आणि गंमत अशी की या ऑपेऱ्यात गर्दी थोडीच आहे. सुरुवात होते ती व्हायोलिनच्या जेमतेम ऐकू येणाऱ्या सुरांनी. मग बराच वेळ दोघं-तिघं एकमेकांशी भांडतात, खोटं बोलतात, गयावया करतात. आईदा ही इथिओपियाची राजकन्या, इजिप्तमध्ये गुलाम. तिचं प्रेम इजिप्तच्या सेनापतीवर, राडामेसवर. आणि त्याच्यावर जीव टाकणारी दुसरी बाई म्हणजे आईदाची मालकीण, फॅरोची मुलगी आम्नेरिस. संचलन बाजूला काढलं तरी कथेचं काही अडत नाही. आम्नेरिस काढली तर सगळं कोसळतं.

माझं तर मत आहे की ऑपेऱ्याला नाव तिचंच द्यायला हवं होतं. चौथ्या अंकात पुजारी तळघरात देशद्रोहाच्या आरोपावरून राडामेसचा निवाडा करतात. आपल्याला न्यायालय दिसत नाही, फक्त खालून आवाज येतात. तीन वेळा त्याला हाक मारतात, तीन आरोप वाचतात, तिन्ही वेळा तो गप्प. वर आम्नेरिस एकटी. तिच्याच मत्सराने त्याला इथवर आणलंय, आणि आता फॅरोच्या मुलीलाही त्याला सोडवता येत नाही. पुजारी बाहेर येतात तेव्हा ती त्यांना तोंडावर शिव्याशाप देते. ते ‘देशद्रोही आहे, मरेल’ एवढंच म्हणत निघून जातात.

या प्रवेशाला ना हत्ती लागत, ना उंट. नवख्याने ‘आईदा’ ऐकायचा तर इथून सुरुवात करावी, तीही डोळे मिटून. मिरवणूक काय, मागाहून यूट्यूबवर बघता येते.