मावशींचा अंगठा

“मावशी, तुमचा ठसाच येत नाही.”

आज सकाळी लेकानं मावशींनी चहा प्यायलेला काचेचा ग्लास उचलला. पेन्सिलीची पूड, माझा मेकअपचा ब्रश (गेला तो आता), वर चिकटपट्टी. वय 15, ऑटिझम, आणि डोक्यात चोवीस तास फॉरेन्सिक. जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्युरो 1897 साली कोलकात्यात निघालं, हे आमच्या गल्लीत आता सगळ्यांना पाठ आहे.

मावशी हसल्या. “रेशनला बी तसंच हुतंय बाळा. मशीन माझा अंगठाच घेत न्हाई.”

मी ओशाळले. सात वर्षं त्या आमची भांडी घासतायत.

तो मात्र नेहमीसारखा, नजर न देता, सपाट आवाजात म्हणाला, “रेषा झिजल्यात. आतल्या कातडीत नमुना तसाच असतो. काम थांबवलं की परत येतात.”

“काम कसं थांबवू रं?”

याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं. माझ्याकडंही.

मग त्यानं त्यांची दहाही बोटं तपासली, एकेक करून. एरवी कुणी हात धरला तर झटकतो. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटावर चक्र स्पष्ट उमटलं.

“रेशनला हे बोट द्या.”

‘त्याला माणसं कळत नाहीत’ असं परवाच रंकाळ्यावर कोण म्हणालं होतं मला?