क्षमेच्या दाराशी

सहा वर्षं मी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायचो आणि कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तशरीराचा प्रसाद, न घेता परतायचो. वाटणीवरून दादाशी बिनसलं होतं. आधी भावाशी समेट कर, मग वेदीवर अर्पण आण, हे प्रभूचं सांगणं मला पाठ होतं. म्हणून मागच्या बाकावरच बसायचो.

स्पेनमधल्या लेओनहून संत याकोबाच्या सांतियागो या तीर्थक्षेत्री पायी निघालो. वाट तीनशेहून थोडी जास्त किलोमीटर, पाठीवरच्या पिशवीत घरून आणलेला एक दगड. क्रूझ दे फेरोला, जवळपास १,५०० मीटर उंचीवर, लाकडी खांबाच्या टोकाला लहानसा लोखंडी क्रूस आहे. मनातलं ओझं म्हणून यात्रेकरू तिथे दगड ठेवतात. मीही ठेवला, खूप रडलो. दुसऱ्या दिवशी बुटाच्या नाड्या बांधताना दादाचं भांडणातलं वाक्य आठवलं. राग तसाच होता.

मोलिनासेकाच्या खडकाळ उतारावर गुडघा दुखावला. विलाफ्रांका देल बिएर्सोला लंगडतच पोहोचलो. गावात शिरतानाच संत याकोबाचं जुनं दगडी चर्च लागतं. त्याच्या एका दाराला क्षमेचं दार म्हणतात. पूर्वी जे आजारी यात्रेकरू इथून पुढे जाऊ शकत नसत, त्यांना सांतियागोला पोहोचल्यावर मिळणारी क्षमा या दारातच मिळे. पूर्ण क्षमा, आणि सांतियागो अजून १८० किलोमीटरच्या पुढे! आता ते दार फक्त पवित्र वर्षात, म्हणजे संत याकोबाचा २५ जुलैचा सण रविवारी येतो तेव्हा, उघडतं. मी गेलो तेव्हा बंद होतं.

त्या बंद दारासमोर बसून राहिलो. दादाने सगळी वाट चालून माझ्याकडे यावं, चूक कबूल करावी, मग बघू, असं मी सहा वर्षं धरून बसलो होतो. देवाने कुणाला अशी अट घातली होती?

तिथूनच फोन लावला. त्याने उचलला नाही. लिहिलं, ‘दादा, चुकलो. गुडघा दुखावलाय, पण चालतोय.’

उत्तर आलं नाही. अकरा दिवस हळूहळू चालत सांतियागो गाठलं आणि कॅथेड्रलमध्ये पापनिवेदन केलं. शब्द अडले तेव्हा फादर शांतपणे थांबले. त्या संस्कारातून उठलेला माणूस बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर आल्यासारखा नवा होतो, हे लहानपणी शिकलो होतो. त्या दिवशी ते अनुभवलं. मिस्सेत कम्युनियनच्या रांगेत उभा राहिलो. ‘आमेन’ म्हणताना आवाज फुटेना.

बाहेर आल्यावर फोन पाहिला. दादाने लिहिलं होतं, ‘गुडघ्याला शेक दे. कधी येतोस?’