टाळ्या कापू नका

परवा दुपारी गाणी शफलवर लावून पडलो होतो. एक लाइव्ह गाणं संपलं, टाळ्या सुरू झाल्या, लांबून कुणीतरी शिट्टी मारली आणि ती शिट्टी अर्धी असतानाच कट, लगेच भलत्याच बँडचं स्टुडिओतलं गुळगुळीत गाणं चालू. झोपच उडाली. एकवेळ गाणं कापलं असतं तरी चाललं असतं, पण टाळ्या कापायच्या म्हणजे काय?

मला लाइव्हमध्ये गाण्यांच्या मधलं सगळं लागतं. गिटार ट्यून करतानाची टुंगटुंग, ड्रमरने स्टिक्स आपटून दिलेले चार ठोके, माइकपासून लांब जाऊन पुटपुटलेलं काहीबाही. डीप पर्पल या रॉक बँडच्या 'मेड इन जपान' या लाइव्ह अल्बममध्ये तर स्टेजवरून साउंडवाल्याला फर्माईश होते की प्रत्येक गोष्टीचा आवाज बाकी प्रत्येक गोष्टीपेक्षा मोठा कर. आता हे त्या बिचाऱ्याने कसं करायचं! पण मला विचाराल तर रॉक म्हणजे हेच, बाकी सगळी चर्चा फुकट.

हा अल्बम घरात आला तो दादाने कुणाकडून तरी कॉपी करून आणलेल्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर. म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. पहिली तीन गाणी मावायची, त्यातलं 'चाइल्ड इन टाइम' एकटंच बारा मिनिटं खायचं, आणि चौथ्यात बँडचा ड्रमर इयन पेसचा ड्रम सोलो, म्हणजे एकट्याचंच वाजवणं, रंगात आला रे आला की खटॅक, टेप संपली. दर वेळी तिथंच. मग पुढचा सोलो दादा उशांवर वाजवायचा आणि मी धाकटा म्हणून प्रेक्षक, ओरडायचं, शिट्ट्या मारायच्या, आणि दादा दमल्याशिवाय थांबायचं नाही असा नियम. नंतर कधीतरी अख्खा सोलो ऐकायला मिळाला. चांगलाय. पेस तो पेसच. पण शेवट मला अजून उशांवरचाच बरोबर वाटतो.

ऑगस्ट १९७२, ओसाकात दोन रात्री आणि टोकियोत एक, बस एवढंच या अल्बमचं रेकॉर्डिंग, आणि तेही मुळात फक्त जपानात विकायला म्हणून. मागाहून स्टुडिओत बसून डागडुजी नाही, वाजलं ते वाजलं. गिटारवाला ब्लॅकमोर एक तुकडा टाकतो, गायक गिलन तोच गळ्यातून परत करतो, असं वर वर चढत जातात आणि शेवटी गिलन अशी किंचाळी मारतो की पुढे गिटारने काय बोलायचं.

आणि नशीब बघा लोकांचं. अमेरिकेतलं वुडस्टॉक म्युझिक फेस्टिव्हल रविवारी रात्री संपायचं होतं, उशीर होत होत शेवटचा गिटारवाला जिमी हेंड्रिक्स स्टेजवर आला तो सोमवारी सकाळी, १८ ऑगस्ट १९६९ ला. तोवर ४ लाखांतले बहुतेक लोक घरी निघून गेलेले. मला हेंड्रिक्सपेक्षा या लोकांचाच विचार जास्त येतो. सोमवारचं ऑफिस असणार.

तर गर्दीशिवाय लाइव्हला मजा नाही हे माझं ठाम मत, आणि त्याची वाट लावतो पिंक फ्लॉइड हा बँड. ऑक्टोबर १९७१, इटलीतल्या पाँपेईचं दोन हजार वर्षांपूर्वीचं अँफीथिएटर, समोर शूटिंगवाले सोडले तर जवळपास कुणी नाही, टाळी नाही, शिट्टी नाही, आणि तरी अंगावर काटा येतो. याच जागी त्यांचा गिटारवाला गिल्मोर २०१६ मध्ये परत आला, या वेळी पब्लिकसमोर. त्याच्याहून फास्ट बोटं चालवणारे ढिगाने सापडतील, हा एक सूर ताणून धरतो आणि आपण श्वास सोडायचं विसरतो. मग माझ्या ठाम मताचं काय? आहे तसंच आहे.

लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम सप्टेंबर १९८० मध्ये गेला, ३२ वर्षांचा. डिसेंबरपर्यंत बाकी तिघांनी बँड बंद केल्याचं सांगून टाकलं, दुसरा ड्रमर शोधायची भानगडच नाही. मधे दोनतीनदा थोडंसं वाजवलं, पण पूर्ण कॉन्सर्ट थेट १० डिसेंबर २००७ ला, लंडनमध्ये, आणि ड्रम्सवर कोण तर बॉनमचा मुलगा जेसन, वडील गेले तेव्हा जेमतेम १४ चा. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग ऐकताना मी बाकी कुणाकडे लक्षच देत नाही. एवढं करून पुढे टूर काही झाली नाही, गायक प्लांट तयारच नव्हता. त्याचं बरोबर असेल, मला पटतंही. राग येतो तो येतोच.