अहवालातला ‘मध्यम’ आणि आमची गोदाकाठची माती

माती तपासणीचा पहिला अहवाल हातात आला तेव्हा ‘पोत’ (म्हणजे माती किती हलकी किंवा भारी) या रकान्यात एकच शब्द लिहिलेला होता: ‘मध्यम’. आमचे शेत निफाड तालुक्यात, गोदाकाठी, नदीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. पावसाळ्यात या रानात चार पावले टाकली की पायाला शेरभर माती चिकटते, आणि मे महिन्यात तिथे पडलेल्या भेगांमध्ये माझ्या हाताचा पंजा उभा जातो. अशा जमिनीला ‘मध्यम’ म्हणणारा माणूस त्या शेतात कधी उभा राहिलेला नाही, हे मला तो कागद वाचताक्षणी कळले. पण ते दाखवून देऊन खरा अहवाल मिळवायला पुढचे सात आठवडे गेले आणि त्यात जूनची लागवड हुकली. त्याचा राग अजून मनात आहे. आपल्या भागात भारी, खोल, गाळाची जमीन असलेले पुष्कळ जण असाच कागद घेऊन घरी जात असतील, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आम्हाला दोन एकरांवर द्राक्षाची नवी बाग उभी करायची होती. ठिबकचा आराखडा करणाऱ्यांनी आमच्याकडे मातीचे वर्णन मागितले: खोली, पोत, निचरा, चुनखडी आणि क्षार. मागणी रास्त होती. चिकणमातीत ड्रीपरचे पाणी जितके खाली उतरते त्यापेक्षा जास्त आडवे पसरते. म्हणून अशा जमिनीत ड्रीपर लांब अंतरावर आणि कमी प्रवाहाचे घ्यावे लागतात, आणि दोन पाण्यांमध्ये खंडही जास्त ठेवावा लागतो. हलक्या जमिनीचा हिशेब भारी जमिनीवर लावला तर मुळांभोवती सतत ओल राहते, हवा मिळत नाही आणि वेल पिवळे पडतात. ‘मध्यम’ या एका शब्दावरून आमचा जो पहिला आराखडा तयार झाला, त्यात ड्रीपर जवळजवळ होते आणि रोज पाणी होते. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तो कागद नीट वाचला आणि एवढेच म्हणाले, “अगं, असं रोज पाणी दिलं तर वर्षाच्या आत रान चिबड होईल, पाणी साचून राहील.”

नमुना घेणे, वाळवणे, जमा करणे यांत काहीच अडचण आली नाही. अडचण सुरू झाली ती नाशिकच्या प्रयोगशाळेत, अहवालाच्या खिडकीपाशी. मी विचारले की हा पोत कसा मोजला. उत्तर मिळाले, “ताई, पोत मोजत नाहीत, माती बघून लिहितात.” मृदा आरोग्य पत्रिका ही योजना २०१५ साली सुरू झाली आणि तिच्यात बारा बाबी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू (आम्ल-विम्लता), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. या बारांमध्ये पोत नाही आणि जमिनीची खोलीही नाही. खताच्या मात्रेसाठी ही यादी उपयोगाची आहे, पण नवी फळबाग लावणाऱ्याला सर्वांत आधी ज्या दोन गोष्टी कळायला हव्यात त्या तिच्यात येत नाहीत. म्हणून पहिली सूचना अशी: नमुना देतानाच ‘कणांचे प्रमाण, म्हणजे वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांची टक्केवारी, मोजून हवी’ (पोयटा म्हणजे वाळूहून बारीक आणि चिकणमातीहून जाड कण) असे अर्जावर स्वतःच्या हाताने लिहावे आणि पावतीवर ते उतरले आहे की नाही हे तिथेच पाहावे.

मी वेगळे शुल्क भरले. दहा दिवसांत निकाल देऊ असे सांगितले होते, तो अठराव्या दिवशी मिळाला. या वेळी आकडे होते: वाळू ४५ टक्के, पोयटा ३१ टक्के, चिकणमाती २४ टक्के. हा कागद पहिल्यापेक्षा वाईट होता, कारण शब्दाशी वाद घालता येतो, छापलेल्या आकड्यापुढे समोरचा माणूस आपले ऐकूनच घेत नाही. आमच्या शेतातली चिमूटभर ओली माती अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत पुढे सरकवली की तिची पट्टी चार बोटांहून लांब निघते आणि तुटत नाही. ज्या मातीची पट्टी पाच सेंटिमीटरच्या पुढे जाते ती चिकणमातीच असते. चिकणमाती जेमतेम पाव असलेल्या मातीची इतकी लांब पट्टी होणार नाही. मी खिडकीपाशी ओली माती घेऊन गेले होते आणि तिथेच पट्टी करून दाखवली. कोणी पाहिली नाही. “मशीनचा आकडा आहे,” असे सांगण्यात आले.

पोत मशीन मोजत नाही, त्याला उंच काचेचे नळकांडे लागते आणि वेळ लागतो. माती पाण्यात घुसळून ठेवली की वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा तासांत बसतो आणि चिकणमातीचे कण, जे ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात, ते दहा सेंटिमीटर खाली यायला साधारण आठ तास घेतात. ठरावीक वेळेला पाण्यात किती कण तरंगत उरले आहेत, हे हायड्रोमीटरने किंवा पिपेटने मोजायचे, इतकी ही पद्धत सरळ आहे. अट एकच आहे की प्रत्येक कण दुसऱ्यापासून सुटा झालेला असला पाहिजे. आमच्यासारख्या चुनखडीयुक्त जमिनीत हेच घडत नाही. चुन्यातला कॅल्शियम बारीक कणांचे पुंजके बांधून ठेवतो, पुंजके जड असल्यामुळे लवकर खाली बसतात, आणि मोजणारा त्यांना पोयटा किंवा वाळू समजतो. त्यासाठी चुना आणि सेंद्रिय पदार्थ आधी काढून टाकावे लागतात, माती कण सुटे करणाऱ्या सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटच्या द्रावणात रात्रभर भिजवावी लागते आणि मग यंत्राने घुसळावी लागते.

पुष्कळ विनवण्या केल्यावर, प्रयोगशाळेत हे जिथे मोजतात ती खोली मला पाहता आली. सकाळी भरून ठेवलेली नळकांडी ओळीने मांडलेली होती. त्यातल्या काळ्या मातीच्या नळकांड्यात, भरून तासही झालेला नसताना, वरचे चार बोटे पाणी नितळ झाले होते आणि पलीकडच्या भिंतीवरचे कॅलेंडर त्यातून वाचता येत होते. माती रात्रभर भिजवली होती का, असे मी विचारले. भिजवली नव्हती, काम फार असल्यामुळे नमुना थेट पाण्यात ढवळला जातो, असे सांगण्यात आले. मी फेरतपासणी मागितली. दिलेला अहवाल बदलत नाही, हे उत्तर तीन वेगवेगळ्या दिवशी तीन वेगवेगळ्या माणसांनी दिले. प्रत्येक खेपेला निफाडहून नाशिकला जाणे, दुपारच्या जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बाकावर बसणे आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परतणे, यात जून गेला.

त्याच दिवसांत घरी मी एक साधा प्रयोग केला, जो कोणालाही करता येईल. एकसारख्या दोन काचेच्या बाटल्यांत एकाच ढेकळाची कुटलेली माती घातली. एकीत नुसते पाणी भरले, दुसरीत कण सुटे व्हावेत म्हणून पाण्याबरोबर कपडे धुण्याची चमचाभर पावडर घातली, दोन्ही रात्रभर ठेवल्या आणि सकाळी पाच मिनिटे जोराने हलवून खिडकीत मांडल्या. नुसत्या पाण्याची बाटली दुपारपर्यंत वरून स्वच्छ झाली. पावडरीची बाटली चौथ्या दिवशीही कोऱ्या कॉफीसारखी गडद होती, आणि तिच्या तळाशी बसलेली वाळू बोटाच्या पेराएवढीही नव्हती. आबांनी ती बाटली उजेडात धरून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर नाशिकला आले. खिडकीवर त्याचाही उपयोग झाला नाही, पण मला बळ आले.

शेवटी उरलेला नमुना मी एका कृषी महाविद्यालयाशी जोडलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत नेला. चुना काढून आणि रात्रभर भिजवून मोजणार का, हे मी आधी विचारले. समोरच्या बाईंनी “भारी जमीन आहे ना, मग तसंच करावं लागतं,” असे सहज सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. नवव्या दिवशी निकाल आला: चिकणमाती ५७ टक्के, पोयटा २८ टक्के, वाळू १५ टक्के. उरलेला नमुना माझ्यापाशी होता म्हणूनच हे जमले. प्रयोगशाळेत कधीही सगळी माती देऊ नये. निम्मी घरी, कोरड्या जागी, राखून ठेवावी.

आता खड्ड्याविषयी, जे खरे तर आधी सांगायला हवे होते. जमिनीचे वर्णन पिशवीतल्या अर्ध्या किलो मातीवरून होत नाही, त्यासाठी खड्डाच लागतो. आम्ही मेच्या पहिल्या आठवड्यात, भेगा पूर्ण उघडलेल्या असताना, मजुरांकडून सहा फूट खोल खड्डा घेतला. जेसीबीने घेतला असता तर लवकर झाला असता, पण बकेटने भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि थर दिसत नाहीत. ज्या भिंतीवर सकाळचे ऊन पडते ती भिंत खुरप्याने टवके काढून ताजी करावी आणि वर्णन तिथेच करावे. नमुने मात्र खालून वर घ्यावेत, नाहीतर वरची माती खाली सांडून प्रत्येक थरात मिसळते.

सिन्नरकडच्या माझ्या माहेरच्या बरड रानात हातभर खणले की मुरूम लागतो. इथे सहा फुटांपर्यंत मुरूम नव्हता. वरचा वीतभर थर नांगरटीचा, ढेकळांचा. त्याखाली साधारण ७० सेंटिमीटरपर्यंत अतिशय गडद करडी, घट्ट माती, जिचे तुकडे कोनाकोनांनी सुटत होते. त्याच्याही खाली या जमिनीची खरी ओळख पटली: खुरप्याने ढेकूळ उकलल्यावर आत तिरके, चकाकणारे, मेण फिरवल्यासारखे पृष्ठभाग दिसले. बेसाल्ट झिजून तयार झालेली ही चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि दर वर्षीच्या या हालचालीत मातीचे मोठे तुकडे एकमेकांवर घासून हे पृष्ठभाग गुळगुळीत होतात. भेग वर चार सेंटिमीटर रुंद होती आणि तिच्यात सोडलेली तार ६५ सेंटिमीटर खाली गेली. सव्वा मीटरच्या खाली बोटभर जाडीचा बारीक वाळूचा पट्टा आडवा गेलेला होता, कधीतरीच्या मोठ्या पुराने आणून टाकलेला. जागेवर तयार झालेल्या काळ्या जमिनीत असा पट्टा सापडत नाही. त्यावरूनच ही नदीने वाहून आणलेली गाळाची जमीन आहे हे ठरते. २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात चांदोरी, सायखेड्याकडे पाणी शिरले तेव्हा आमच्या बांधाच्या आतही गाळाचा असाच थर राहिला होता. तो वाळून भांड्याच्या खापरांसारखा वर वळलेला मी स्वतः पाहिला आहे.

पट्ट्याच्या खाली वाटाण्याएवढे पांढरे चुनखडीचे खडे होते. त्यांच्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो. वरच्या थरातही थोडा आला. सामू ८.२ निघाला. क्षार कमी निघाले, म्हणजे जमीन अजून खारवट झालेली नाही, पण निचऱ्याविना पाणी देत राहिलो तर होऊ शकते. सेंद्रिय कर्ब ०.४६ टक्के होता. माती काळी आहे म्हणजे कर्ब भरपूर आहे, हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे, आणि हा आकडा पाहून आमच्या घरातही अनेकांना आश्चर्य वाटले.

पाण्याच्या बाबतीत ही जमीन दोन तोंडांची आहे. भेगा उघड्या असताना पहिले पाणी सरळ खाली पळते. भेगा मिटल्या की पृष्ठभागावरचे पाणी हलत नाही. माती पाणी पुष्कळ धरून ठेवते, पण त्यातला मोठा वाटा इतका घट्ट धरलेला असतो की मुळांना तो ओढता येत नाही. त्यामुळे हाताला ओल लागते आणि वेल मात्र मान टाकतो. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, दोन-तीन दिवसच मिळतो, आणि तो हुकवून ट्रॅक्टर घातला तर चाकोरीखाली माती विटेसारखी दबते. नव्या आराखड्यात ड्रीपर दूर गेले, पाण्याचे दिवस कमी झाले, चरांऐवजी उंच वरंब्यांवर लागवड धरली आणि उताराच्या बाजूला निचऱ्याचा चर काढला. खुंटरोपे, म्हणजे ज्यांच्यावर द्राक्षाचे कलम करायचे ती रोपे, आता जानेवारीत लागतील.

खड्डा बुजवताना खालची माती खाली आणि वरची वर पडेल असे दोन वेगळे ढीग आधीपासून ठेवावेत. आम्ही ते केले नाही आणि त्या जागी या खरिपात सोयाबीन खुरटले. आणखी एक गोष्ट आत्ता आठवली. पिशवीतल्या चिठ्ठीवर थराची खोली पेनाने लिहू नये, शिसपेन्सिलीने लिहावी. ओलसर मातीत शाई पसरते. आमच्या तिसऱ्या पिशवीवरचा आकडा वाचता आला नाही आणि त्या थराचा नमुना घेण्यासाठी मला पुन्हा त्या खड्ड्यात उतरावे लागले.