मालक कैरोत, थडगी लक्झरला

इजिप्तचा राजा तिसरा थुटमोस याचं थडगं लक्झरजवळच्या ‘व्हॅली ऑफ द किंग्ज’च्या, म्हणजे राजांच्या थडग्यांच्या दरीच्या, पार टोकाला, कड्याच्या कपारीत आहे. लोखंडी जिन्याने चढायचं आणि मग डोंगराच्या पोटात उतरायचं. आत हवा कोंदट, शर्ट पाठीला चिकटलेला. खालच्या लंबगोल दालनात मात्र दमणूक वसूल होते. भिंतींवर रेघोट्यांनी काढलेली माणसं, आणि रात्रीच्या बारा तासांतला सूर्याचा पाताळप्रवास. पपायरसच्या कागदाची गुंडाळीच भिंतीवर उलगडल्यासारखी वाटते. मध्ये लालसर दगडाची शवपेटी, रिकामी.

इथली बहुतेक थडगी अशीच बिनमालकाची. विसाव्या राजवंशाच्या अखेरीस राजसत्ता खिळखिळी झाली, चोऱ्या बोकाळल्या. मग पुरोहितांनी ममी गोळा केल्या, पुन्हा गुंडाळल्या आणि कोणाला कधी हलवलं याच्या नोंदीही कापडावर, पेट्यांवर करून ठेवल्या. सरकारी कामच ते! उरलंसुरलं सोनंही याच कामात सरकारजमा झालं, असं अभ्यासक म्हणतात. चोरांनी मोडतोड केलेल्या थुटमोसला ताठ ठेवण्यासाठी गुंडाळताना चक्क वल्ही घातली होती.

लक्झरच्याच देर अल-बहरी देवळांजवळच्या एका विहिरीसारख्या खड्ड्यात लपवलेले हे राजे कुर्ना गावच्या अब्द अल-रसूल कुटुंबाला सापडले. ते गुपचूप एकेक वस्तू विकत राहिले. १८८१ मध्ये बिंग फुटलं, पुरातत्त्व खात्याचा एमिल ब्रुग्श आला आणि त्याने दोनेक दिवसांत सगळं बाहेर काढलं. आराखडा नाही, फोटो नाहीत. घाईचं कारण समजतं, तरी हळहळ वाटतेच.

तुतनखामेन अजून स्वतःच्या घरात आहे. थडगं इवलंसं, तिकीट वेगळं. काचपेटीत काळवंडलेला चेहरा आणि पावलं तेवढी दिसतात. इथेच त्याच्यासोबत जन्मापूर्वीच गेलेल्या दोन मुलींच्या ममीही होत्या. सोन्याच्या मुखवट्यापेक्षा मला त्याच जास्त लक्षात राहिल्या.

बाकीची बरीच मंडळी कैरोत, फुस्तात भागातल्या संग्रहालयात. ३ एप्रिल २०२१ रोजी १८ राजे आणि ४ राण्यांची मिरवणूक काढून त्यांना इथे आणलं. दालनात अंधूक उजेड, फोटोला बंदी. तरी कोणीतरी मोबाइल काढतंच आणि रखवालदार खेकसतोच. सेकेनेन्रे ताओ या राजाच्या कवटीवर कुऱ्हाडीचे घाव आहेत. तिसऱ्या रामसेसचा गळा चिरलेला होता, हे २०१२ मध्ये स्कॅनच्या अभ्यासातून जाहीर झालं.

मी रेंगाळलो राणी तियेपाशी. दाट, कुरळे तपकिरी केस अजून खांद्यावर उतरलेले. १८९८ मध्ये ती दुसऱ्या अमेनहोतेपच्या थडग्यात निनावी सापडली होती. ती युया आणि तुया या जोडप्याची लेक, हे २०१० मध्ये डीएनएवरून ठरलं. तुतनखामेन तिचा नातू. त्याच्या थडग्यात एका चिमुकल्या पेटीत आजीच्या केसांची बट ठेवलेली होती, वर तिचं नाव लिहून.

जाणार असाल तर आधी लक्झर करा, मग कैरो. उलट केलंत तर ममी म्हणजे नुसते वाळलेले देह वाटतील. आणि थुटमोसचा जिना सकाळीच चढून घ्या.